माग बंद करायचं गाणं

माझ्या वर्षश्राद्धाला भजन ठेवू नये, असं माझी बायको मंगल लिहून गेली. मी वडगावच्या आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात एकतीस वर्षं टाळ वाजवतोय. तेव्हा हा टोमणा कुणाला होता ते उघड आहे.

कागद सापडला तो दवाखान्याच्या फायलीत, रक्ताच्या रिपोर्टच्या मागच्या बाजूला. वर लिहिलं होतं, 'द शटल्सची दहा गाणी. माझ्या वर्षाला लावावीत. भजन ठेवू नये. आण्णाप्पाने सगळी ऐकावीत. मध्येच उठू नये.' हे वाचून मला आधी राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. चाळीस वर्षांच्या संसारात आमचा क्रम असाच होता, फक्त रडू तिला यायचं.

द शटल्स म्हणजे आमच्या भागातला रॉक बँड. शटल म्हणजे धोटा, मागावर इकडून तिकडे पळतो तो. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली मागावर काम करणाऱ्या तिघांनी हा बँड काढला आणि तो अजून चालू आहे. रवळू गातो, भरमा गिटार वाजवतो आणि गाणी रचतो, यमनाप्पा ड्रम वाजवतो. एवढी वर्षं टिकण्याचं कारण साधं आहे. आमच्या सीमाभागात मराठीत गायलं तर काही लोकांचं तोंड वाकडं होतं, कन्नडात गायलं तर बाकीच्यांचं. म्हणून यांनी पहिल्या दिवसापासून इंग्रजीत गायलं. कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळे कुणीच चिडलं नाही.

मंगलला मात्र ती गाणी पाठ होती. कॅसेट होत्या तेव्हा कॅसेट, सीडी आल्या तेव्हा सीडी, पुढे मोबाईलवर. मी पॉवरलूमवर जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस. चाळीस वर्षं मागांच्या खटखटाटात काढल्यामुळे माझे दोन्ही कान अर्धे गेलेत. तिने गाणं लावलं की मी म्हणायचो, "अगं, कारखान्यात दिवसभर ह्येच ऐकून आलोय." ती आवाज थोडा वाढवायची.

माझा बेत अगदी लहान होता. पेन ड्राईव्हमध्ये दहा गाणी भरायची, फोटोसमोर स्पीकर ठेवायचा, कानाचं मशीन लावून तासभर बसायचं, झालं. पण कागद नीट वाचला आणि अडलो.

मंगलने प्रत्येक गाण्यापुढे शेरा मारला होता. दहाव्या नंबरला 'ब्रोकन बॉबिन', बँडचं पहिलं गाणं. शेरा : 'तिघंही वेगवेगळ्या वेळी संपवतात, पण उत्साह आहे.' सातवं 'लव्ह इन खानापूर'. शेरा : 'ठीक.' पाचवं 'मंडे वीकली ऑफ'. शेरा : 'दुसऱ्या कडव्यानंतर यमनाप्पा चुकतो आणि पळत येऊन गाणं गाठतो. ती जागा ऐकावी.' चौथं 'ओ माय सुपरवायझर', ते डिस्कोच्या नादाला लागले होते त्या काळातलं. तिसरं 'स्लोली, डॉक्टर', रवळूचं हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावर वर्षभर बँडने सगळंच हळू वाजवलं त्या वेळचं. दुसरं 'नो लाईट टुडे'. शेरा : 'रडू येतं. आधीच रडून घ्यावं, म्हणजे गाणं नीट ऐकता येतं.'

आणि पहिला नंबर. तिथे लिहिलं होतं, 'माग बंद करायचं गाणं. हे आण्णाप्पाकडे आहे.'

माझ्याकडे? माझ्याकडे शटल्सचं एकही गाणं असायचं कारण नव्हतं. तरी मी घर धुंडाळलं. ट्रंक उपसली, माळा उपसला, गादीची शिवण उसवली. तीन दिवसांत मला आठ कॅसेट, मुलीच्या दुधाच्या दाताची डबी आणि माझ्या हरवलेल्या चपलेचा एक पाय मिळाला. कॅसेटवर ते गाणं नव्हतं. मोबाईलवर शोधलं, तिथेही नाही.

शेजारचा राजकुमार हे सगळं गच्चीवरून बघत होता. तो सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला क्लार्क. त्याला कुठलीही गोष्ट सांगितली की तो आधी तिची फाईल करतो.

"जॉबरमामा," तो म्हणाला, "उगच घर कशाला उकरताय? बँडवाले जित्ते हायत की. त्यांनाच विचारा."

हा सल्ला बरोबर होता. राजकुमारचा पहिला सल्ला नेहमी बरोबर असतो, घोटाळा दुसऱ्यापासून सुरू होतो.

मी निपाणीला रवळूला फोन केला. तो आता तिथे मुलाच्या घरी असतो. सगळं ऐकून तो गहिवरला. "वैनीनं एक नंबर दिलाय म्हंजे ते 'लव्ह इन खानापूर'च असणार बघा."

"ते सातवं हाय," मी म्हणालो.

"सातवं? काय लिवलंय फुडं?"

मी खोटं बोलत नाही. "ठीक," असं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं कानाच्या मशीनची बॅटरी गेली.

काकतीला यमनाप्पाला विचारलं. तो म्हणाला, एक नंबर म्हणजे दोन हजार आठ सालचं, ज्यात तो सात मिनिटं एकटाच ड्रम वाजवतो ते. यादीत ते कुठेच नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, "मग माझं काय हाय त्येच्यात?" मी पाचव्या नंबरचा शेरा वाचून दाखवला. तो म्हणाला, "चुकतो? मी?" आणि फोन ठेवला. भरमा गुंजीला राहतो. त्याला फोन लागायला दोन दिवस गेले, कारण रेंजसाठी तो स्टेशनवर येतो. तो एवढंच म्हणाला, "सगळी गाणी मी केल्यात. त्यात ह्ये न्हाय." मग म्हणाला, "पण करायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही माझ्या दारात हजर. तिघांची वयं मिळून दोनशेच्या जवळपास. म्हणाले, पेन ड्राईव्ह-बिईव्ह नको, आम्ही स्वतः वाजवणार. मला नाही म्हणता येईना. मंगलने त्यांचं सगळं आयुष्य ऐकलं होतं, आणि मी त्यांना कधी चहासुद्धा विचारला नव्हता.

चहा झाल्यावर एक नंबर कोणता यावर तिघांचं भांडण जुंपलं. हाच बँड एकदा फोटोत पुढे कोण उभा राहणार यावरून दोन वर्षं फुटला होता, त्यामुळे मला धास्ती वाटली. राजकुमारने तोडगा काढला. एक नंबर माहीत नाही ना, मग ज्या ज्या गाण्यांवर संशय आहे ती सगळी वाजवा, त्यातलं एक बरोबर निघेल. परीक्षेत असंच करतात, असं तो म्हणाला. दहाची एकोणीस गाणी झाली.

एकोणीस गाणी घरात मावेनात, म्हणून गल्लीच्या तोंडाला मांडव ठरला. मांडव म्हटल्यावर परवानगी आली. अर्ज कन्नडात लिहायचा होता, तो राजकुमारने लिहिला. ऑफिसातल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"कार्यक्रम कसला?"

"वर्षश्राद्ध, साहेब."

"आणि हे काय, रॉक बँड?"

"व्हय. तेच श्राद्ध."

त्यांच्या फॉर्मवर लग्न, उत्सव, सभा, आर्केस्ट्रा असे रकाने होते. श्राद्ध आणि रॉक एकत्र असा रकाना नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मुख्य प्रश्न विचारला, "भाषा कोणती? मराठी की कन्नड?"

"इंग्लिश," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "अय्यो, मग आधी सांगायचं की!" त्यांनी शिक्का उचलला. पण मारता मारता थांबले आणि म्हणाले, गाण्यांत आक्षेपार्ह काही नाही, असं अर्थासकट लिहून आणा.

मी रवळूला फोन करून अर्थ विचारला. तो म्हणाला, "अर्थ? चाळीस वर्षांत पयल्यांदाच कोणतरी इचारलं बघा." भरमाने कबूल केलं की शब्द त्याने ऐकायला बरे वाटतील असे बसवले होते, काही डिक्शनरीतून, काही मशिनांच्या पाटीवरून. शेवटी राजकुमारने एकोणीस गाण्यांचा अर्थ स्वतःच बसून तयार केला. त्याच्या मते 'ओ माय सुपरवायझर' हे परमेश्वराला उद्देशून आहे. शिक्का मिळाला.

राजकुमारचा पुढचा सल्ला फ्लेक्सचा होता. फोटो कुठला द्यायचा? मंगलचा एकटीचा धड फोटो नव्हता. लग्नकार्यात ती नेहमी पंगतीत वाढत असायची. सौंदत्तीला गेलो होतो तेव्हाचा दोघांचा एक होता. त्यातली एक बाजू कापून घ्या, असं मी फ्लेक्सवाल्याला सांगितलं. कुठली ते सांगितलं नाही. कोण मेलंय ते त्याला माहीत असणार, असं मी धरून चाललो.

गुरुवारी सकाळी दूध आणायला निघालो तर कोपऱ्यावर बारा फूट उंचीचा मी. गळ्यात हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', नियमाप्रमाणे वर कन्नडात मोठं आणि खाली मराठीत बारीक. दोन्ही भाषांत मीच मेलो होतो. दूधवाल्या सुवर्णाबाईंनी मला बघितलं, फ्लेक्स बघितला आणि दुधाची पिशवी लांबूनच माझ्याकडे सरकवली.

घरी आलो तर भजनी मंडळ अंगणात टाळ घेऊन बसलेलं. मी समोर उभा राहिलो. त्यांनी मला बघितलं, एकमेकांकडे बघितलं. मग भावकू, आमचा पेटीवाला, म्हणाला, "आता आलोयच तर एक अभंग म्हणून जातो." मीही टाळ घेऊन बसलो. स्वतःच्या मौतीला टाळ वाजवणारा आमच्या मंडळात मी पहिलाच. दुपारी मुलगी सौम्या हुबळीहून रडत आली. तिला कुणीतरी फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. मला जिता बघून तिने मिठी मारली आणि मग संध्याकाळपर्यंत ओरडली.

"आप्पा, आई म्हणाली होती गाणी ऐका. तुम्ही हा बाजार कशाला मांडलाय?"

"तुझ्या आईनं एक नंबर लिवला न्हाय गं," मी म्हणालो. "माझ्याकडं हाय म्हणाली. माझ्याकडं काय न्हाय. ती गेली ती मला ठाऊक हाय असं समजून गेली. आता मी काय करू?"

सौम्याने यादी हातात घेतली आणि पहिल्या नंबरवर बोट ठेवलं. म्हणाली, "माग बंद करायचं म्हणजे कुठला माग?"

हे मला सुचलंच नव्हतं. आणि माग म्हटल्यावर मला एकच आठवतो, चौदा नंबर.

माझ्या नोकरीत मी नाही म्हटलं तरी चारशे माग दुरुस्त केले असतील. दोष सापडला नाही असा एकच, शहापूरच्या कारखान्यातला चौदा नंबर. त्यावर तेव्हा मंगल काम करायची, आमचं लग्न व्हायचं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला तो माग हमखास बंद पडायचा. माग थांबला की जॉबरने जायचं, हा धंद्याचा नियम. मी पान्यांची पिशवी घेऊन जायचो. सगळं खोलायचो, काहीच सापडायचं नाही. मग म्हणायचो, "दोष काही नाही. चालू करा." ती विचारायची, "परत बंद पडला तर?" मी म्हणायचो, "परत येईन." आणि दुसऱ्या दिवशी परत. दीड वर्ष हे चाललं. मी पट्टा बदलला, मोटार बदलली, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. मग आमचं लग्न झालं, मंगल दुसऱ्या कारखान्यात गेली आणि त्या दिवसापासून चौदा नंबर एकदाही थांबला नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी त्याचा एक स्क्रू आवळला होता. त्या स्क्रूची गोष्ट मी पुढे प्रत्येक नव्या जॉबरला सांगितली आहे.

त्या वेळी तेरा नंबरवर मालुबाई होती. ती आता पिरनवाडीला लेकाकडे असते. तिला फोन केला. तिचेही कान मागाने नेलेत, त्यामुळे आमचं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"मालुबाई, मंगल माग बंद करून कुठलं गाणं ऐकायची?"

ती एवढं हसली की फोन लेकाने घेतला. मग परत तिने घेतला. "फोनवर सांगायची गोष्ट न्हाय ती. मी येतो कार्यक्रमाला. तितंच सांगतो."

रविवारी दुपारी चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. फ्लेक्स बदलला होता. माझ्या जागी मंगल होती, पण सौंदत्तीच्या फोटोतला माझा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला होता. अर्ध्या दंडापासून तुटलेला. सौम्या म्हणाली, राहू दे.

मी पहिल्या खुर्चीवर, कानाला मशीन, हातात यादी. यमनाप्पाच्या ड्रमचा स्टँड हलत होता, म्हणून पान्यांची पिशवी आणली होती. स्टँड आवळून ती खुर्चीखाली ठेवली. 'ब्रोकन बॉबिन' झालं. तिघांनी ते खरंच वेगवेगळ्या वेळी संपवलं. 'लव्ह इन खानापूर' गाताना रवळू माझ्याकडे बघत होता आणि संपल्यावरही बघत राहिला. मी अंगठा दाखवला. 'ठीक'पेक्षा जास्त काही बोलायचा मला अधिकार नव्हता.

पाचवं आलं. मी सरसावून बसलो. दुसरं कडवं संपलं आणि यमनाप्पा चुकला नाही. गडी महिनाभर घरी बसून तेवढीच जागा घोटत होता. गाणं संपल्यावर तो छाती फुगवून उभा राहिला. मला एवढं वाईट वाटलं की मी ओरडलो, "अरे, ती चूक पायजे होती! तिनं लिवलंय!" यमनाप्पाला आधी राग आला, मग कळलं. त्याने गाणं परत घ्यायला लावलं आणि चुकायचा प्रयत्न केला. पण मुद्दाम चुकल्यावर ती तशी येईना. तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा तो चुकायच्या नादात भलत्याच जागी खरोखर चुकला, घाबरला आणि पळत जाऊन त्याने गाणं गाठलं. ते पळणं मला ऐकू आलं. मी हसलो. मंगल घरात एकटीच हसायची ती याच जागेला, हे मला त्या दिवशी कळलं.

'नो लाईट टुडे'च्या आधी तिने लिहिल्याप्रमाणे मी रडून घेतलं. गाणं नीट ऐकू आलं.

ते संपता संपता मालुबाई पोहोचली, लेकाच्या स्कूटरवरून. तिला माझ्या शेजारी बसवलं. स्टेजवर एक नंबर म्हणून आधी कुणाचं गाणं घ्यायचं यावरून भांडण सुरू झालं होतं. रवळू माईकमध्ये भांडत होता, यमनाप्पा ड्रम बडवून उत्तर देत होता, राजकुमार मतदान घ्या म्हणत होता. मी मालुबाईच्या कानाशी ओरडलो, "आता तरी सांग! कुठलं गाणं?"

आणि लाईट गेली.

माईक बंद, गिटार बंद, पंखे बंद. तिघंही होते तिथे गप्प उभे राहिले. सगळी गल्ली शांत झाली.

मी उठलो. मध्येच उठू नये असं तिने लिहिलं होतं, पण ते माझ्या ध्यानात नव्हतं. आवाज थांबला की जॉबरने जायचं, एवढंच पायांना ठाऊक. खुर्चीखालची पिशवी उचलली आणि स्टेजमागच्या बोर्डाकडे निघालो. त्या शांततेत पिशवीतले पाने पावलागणिक वाजत होते. खुळुक, खुळुक.

मागून मालुबाई ओरडली, "ह्येच! आगं बाई, ह्येच ते!"

मी वळलो.

"कसलं गाणं घेऊन बसलाईस रं?" ती म्हणाली. "मागाच्या आवाजात गाणं ऐकू येतंय व्हय? तीन वाजले की मंगल हातानं माग बंद करायची. मला खुणंनं सांगायची, आता बघ, माझं गाणं येतंय. मग तू यायचास. ही असली पिशवी खुळखुळत. तिचा माग थांबलेला असला की जवळ आल्यावर ती ऐकू यायची. यडा मानूस, दीड वर्स पट्टे बदलत बसला!"

गल्ली हसली. रवळू हसला, सौम्या हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. माझा स्क्रू, ज्याची गोष्ट मी तीस जॉबरांना सांगितली, तो सगळ्यांसमोर निकामी झाला. मला लाज वाटायला पाहिजे होती. मी पिशवी घट्ट धरून उभा राहिलो. घर उपसताना ही पिशवी मी चार वेळा उचलून बाजूला ठेवली होती.

मग, सवय म्हणून, बोर्ड खोलला. वायर बघितली, फ्यूज बघितला. तेवढ्यात लाईट आली. पंखे फिरले, गिटार घरघरली.

भरमाने स्टेजवरून विचारलं, "जॉबर, काय झालतं?"

"दोष काही नाही," मी म्हणालो. "चालू करा."

सगळे माझ्याकडे बघत होते. पुढचा प्रश्न मला पाठ होता, पण तो विचारणारं कुणी नव्हतं. मी थोडा वेळ थांबलो. मग खुर्चीवर येऊन बसलो. पिशवी मात्र खाली ठेवली नाही, मांडीवर घेतली. परत बंद पडलं तर लगेच जाता यावं म्हणून.